सांचीचे तोरण सांचीतच कसे राहिले

दिल्लीहून पुण्याला किंवा मुंबईला भोपाळमार्गे रेल्वेने जाणाऱ्या मराठी माणसाने सांची पाहिलेली असते, पण बहुधा खिडकीतूनच. विदिशा मागे पडते, प्रवासी डब्यातल्या पथाऱ्या आवरून भोपाळला उतरण्याच्या तयारीला लागतात, आणि तेवढ्यात एका टेकडीच्या माथ्यावर एक गोल घुमटी क्षणभर दिसते. कोणीतरी मुलांना म्हणते, "ते बघा, सांची." मुले बघेपर्यंत झाडे आडवी येतात. दिल्लीतल्या नोकरीच्या काळात मी अशा रीतीने सांची किती वेळा 'पाहिली' याचा हिशेब नाही. एकदा मात्र ठरवून भोपाळला उतरलो, मागे पंचेचाळीसेक किलोमीटर आलो आणि त्या टेकडीवर चढलो. ते दिवस नोव्हेंबरचे होते.

टेकडी काही मोठी नाही. सभोवतालच्या सपाटीपासून जेमतेम ९० मीटर उंच. वालुकाश्माचे थर, त्यांच्या भेगांतून वाढलेली झाडे, खाली गव्हासाठी नांगरलेली काळी शेते, दूरवर विदिशा, आणि मधून जाणारा तोच लोहमार्ग. वर पोहोचल्यावर प्रथम डोळ्यांत भरतो तो स्तूपाचा आकार. व्यास सुमारे ३६.५ मीटर, उंची सुमारे १६.५ मीटर. आकडे वाचून त्याची कल्पना येत नाही. त्याचे भारदस्तपण त्याच्या उंचीत नसून त्याच्या बैठकीत आहे. भोवती दगडी कठडा, आणि चार दिशांना चार तोरणे. या तोरणांवर हत्ती आहेत, मोर आहेत, आंब्याच्या फांदीला हात लावून झुकलेली यक्षी आहे, गावे, नगरे, वेशी, नद्या, नौका सर्व काही आहे. ज्याच्यासाठी हा सारा पसारा मांडला तो बुद्ध मात्र कोठेही मनुष्यरूपात नाही. रिकामे आसन, पावलांचे ठसे, बोधिवृक्ष, चक्र एवढ्यावरून त्याला ओळखायचे.

याविषयी मार्गदर्शक पुस्तिकांत पुष्कळ लिहिलेले आहे, त्याची पुनरुक्ती मी करत नाही. मला तेथे उभे असताना पडलेला प्रश्न वेगळा, आणि थोडा सरकारी बाण्याचा होता. ही तोरणे अजून येथेच कशी?

प्रश्न वरवर भाबडा वाटेल. पण आपल्या देशातल्या दुसऱ्या दोन महान स्तूपांचे काय झाले ते पाहिले म्हणजे त्यातले गांभीर्य कळते. कृष्णाकाठचा अमरावतीचा स्तूप कलेच्या दृष्टीने सांचीच्या तोडीचा, किंबहुना काहींच्या मते सरस. १७९०च्या दशकात तेथील जमीनदाराने बांधकामासाठी दगड काढायला सुरुवात केली. कर्नल मॅकेन्झी यांनी पुढे त्याची पाहणी करून उत्तम रेखाटने करविली. १८४५ साली वॉल्टर इलियट यांनी शिल्पपट्ट काढून मद्रासला नेले, आणि ते काही वर्षे उघड्यावर पडून राहिल्यावर १८५९मध्ये त्यांतले बरेचसे लंडनला रवाना झाले. उरलेसुरले १८८०मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांच्या हुकुमाने उकरले गेले. हुकूम अर्थात सदिच्छेनेच दिलेला होता. आज अमरावतीचे शिल्प पाहायचे तर चेन्नईच्या संग्रहालयात किंवा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जावे लागते. अमरावतीत उरला आहे तो एक खालसा चौथरा. मध्य प्रदेशातल्याच सतना जिल्ह्यात भरहूत आहे. तेथील दगड आसपासच्या गावांनी घरांसाठी नेले, आणि जे वाचले ते कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकात कलकत्त्याला हलविले, कारण नसते हलविले तर तेही गेले असते. भरहूतचा कठडा म्हणूनच आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या एका दालनात, छताखाली उभा आहे. फार सुंदर आहे. पण त्याच्या मागे टेकडी नाही, आभाळ नाही, ऋतू नाहीत.

म्हणजे तीन स्तूप आणि तीन निर्णय. आपण एखादे स्थळ पाहायला जातो तेव्हा ते स्थळ तेथे असणारच हे गृहीत धरून जातो. प्रत्यक्षात ते तेथे असते ते पुष्कळदा कोणीतरी कधीतरी एखाद्या कागदावर 'नाही' असा शेरा मारला म्हणून. सांचीच्या बाबतीत तर केवळ नकार नव्हे, दिरंगाईसुद्धा कामी आली. दिरंगाई हा आमच्या खात्यावर नेहमीच नावे टाकला जाणारा दोष. येथे तो जमेच्या बाजूला लिहावा लागतो.

सांचीचा उगम मौर्यकाळात आहे. विदिशा हे त्या काळचे भरभराटीचे व्यापारी नगर. सिंहली बखरींनुसार अशोक उज्जयिनीला प्रांताधिपती असताना त्याने विदिशेच्या एका श्रेष्ठीच्या कन्येशी विवाह केला, आणि पुढे सिंहलद्वीपाला निघालेला महेंद्र जाण्यापूर्वी आईला भेटायला याच परिसरात आला. मूळ स्तूप विटांचा, अशोककालीन. त्याच्या दक्षिणेस अशोकाचा स्तंभ उभा होता. त्यावरील आज्ञा खास माझ्या व्यवसायातील लोकांनी वाचण्यासारखी आहे. संघात फूट पाडणारा भिक्षू असो वा भिक्षुणी, त्यांना पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे, असा तिचा आशय. हीच आज्ञा सारनाथलाही आहे, आणि तेथील पाठात तिच्या अंमलबजावणीच्या सूचनाही आहेत: एक प्रत तुमच्या कार्यालयात ठेवा, एक प्रत उपासकांना उपलब्ध असू द्या, आणि उपोसथाच्या दिवशी महामात्रांनी स्वतः हजर राहावे. बावीसशे वर्षांपूर्वीचे हे परिपत्रक वाचताना मला आमच्याच कक्षातला एखादा मसुदा वाचल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की त्याची कार्यालयीन प्रत अद्याप शाबूत आहे.

स्तंभाचे नशीब तेवढे चांगले नव्हते. एका स्थानिक जमीनदाराने त्याचे तुकडे केले. उसाचा रस काढण्याच्या चरकासाठी ते उपयोगी पडतील असा त्याचा हेतू होता, असे नोंदलेले आहे. खालचा भाग आजही जागेवर आहे.

विटांचा स्तूप पुढे शुंगकाळात दगडाने मढविला गेला आणि आकाराने जवळजवळ दुप्पट झाला. तोरणे आली ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, सातवाहनांच्या काळी. दक्षिण तोरणाच्या वरच्या तुळईवर कोरलेले आहे की हे दान राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याचे आहे. नाणेघाटातला शिलालेख आणि पैठण ही नावे ज्याला घरची आहेत त्या मराठी वाचकाला हे वाचून थोडे सुखावणे क्षम्य आहे. पण त्याहून मोलाचा मला त्याच तोरणावरचा दुसरा लेख वाटतो. विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी येथले कोरीवकाम केले, असे तो सांगतो. दगडात इतके बारीक दागिने, इतक्या तलम वस्त्रांच्या चुण्या कशा आल्या त्याचे उत्तर त्यात आहे.

आणि कठडा? तो कोणा एका राजाने बांधलेलाच नाही. त्याच्या उभ्या खांबांवर, आडव्या सळ्यांवर, पायाखालच्या फरशांवर लहान लहान लेख आहेत. सहाशेहून अधिक. कोणी भिक्षुणी, कोणी व्यापारी, कोणी विणकर, कोणाची आई, कोणाची सून, कोठे उज्जैनचे एखादे कुटुंब, तर कोठे अख्खे गाव. एकेक दगड एकेकाचा. अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तूचा सिद्धान्त शिकताना आम्हांला सांगितले जाई, की जिचा लाभ सर्वांना मिळतो तिचा खर्च कोणीच आपखुशीने करत नाही, म्हणून राज्यसंस्था लागते. सांचीचा कठडा त्या सिद्धान्ताला दोन हजार वर्षे उभ्याउभ्या उत्तर देतो आहे.

या लेखांनी आणखी एक काम केले, ते अनपेक्षित होते. कॅप्टन एडवर्ड स्मिथ या अधिकाऱ्याने त्यांचे ठसे घेऊन कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठविले. प्रिन्सेप टांकसाळीत अधिकारी होते. ब्राह्मी लिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली हे छोटे छोटे लेख समोर मांडून बसले असताना त्यांच्या लक्षात आले की बहुतेकांचा शेवट त्याच त्या अक्षरांनी होतो. इतके आखूड आणि इतके सारखे शेवट असलेले लेख काय असू शकतील? देवळांतून भाविक लोक आपल्या देणग्या कोरून ठेवतात तसेच हे असले पाहिजेत. मग शेवटचा शब्द 'दानं' असणार. त्यावरून 'द' मिळाला, 'न' मिळाला, अनुस्वार मिळाला, आणि थोड्याच काळात दिल्लीच्या स्तंभावरचा अशोक बोलू लागला. ज्या भिक्षुणींची आणि विणकरांची नावे इतिहासाच्या कोणत्याच ग्रंथात नाहीत, त्यांच्या दानाच्या पावत्यांवरून सम्राटाची भाषा उलगडली.

बारा-तेरा शतकांच्या वैभवानंतर सांची विसरली गेली, आणि ते तिच्या पथ्यावर पडले. १८१८ साली, पेंढाऱ्यांविरुद्धची आणि अखेरच्या पेशव्यांविरुद्धची मोहीम चालू असताना, बंगाल घोडदळाचे जनरल टेलर यांच्या तुकडीला टेकडीवरचे हे अवशेष दिसले. तीन तोरणे उभी होती, दक्षिणेचे पडलेले होते, पण घुमट शाबूत होता. रान माजले होते, एवढेच. म्हणजे दीड-दोन हजार वर्षे पावसाने, वाऱ्याने, विस्मरणाने जे केले नव्हते ते पुढच्या चार वर्षांत झाले. १८२२मध्ये भोपाळचे सहायक पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन्सन यांनी, आत काय आहे या कुतूहलापोटी, महास्तूपाला एका बाजूने वरपासून तळापर्यंत भगदाड पाडले. आत काहीच सापडले नाही. भगदाड तसेच सोडून दिले. त्यातून पाणी शिरले, माती खचली, पश्चिमेचे तोरण आणि कठड्याचा काही भाग कोसळला. दुसरा स्तूपही असाच अर्धवट उद्ध्वस्त झाला.

कॅप्टन जॉन्सन हे दुष्ट गृहस्थ होते असे मानायला काही आधार नाही. ते एक उत्साही अधिकारी होते. आपल्या कार्यकाळात आपल्या हातून काही उल्लेखनीय घडावे असे त्यांना वाटले असावे. ही जात मी जवळून पाहिली आहे, आणि तरुण वयात मी स्वतः त्या जातीबाहेर होतो असे म्हणवत नाही. नव्या जिल्ह्यात, नव्या पदावर आलेल्या माणसाला काहीतरी उकरून पाहावेसे वाटतेच. आपली बदली होणार आहे हे ठाऊक असल्यामुळे भगदाड बुजविण्याची काळजी त्याला नसते. खर्च एकाने करायचा आणि भार दुसऱ्यावर पडायचा, याला अर्थशास्त्रात एक लांबलचक संज्ञा आहे. येथे ती काळवंडलेल्या दगडांत दिसते.

१८५१मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेझी आले. कनिंगहॅम हे लष्करी अभियंता, पण अभ्यासू. त्यांनीही स्तूप उघडले. महास्तूपात त्यांनाही काही मिळाले नाही. मात्र दुसऱ्या स्तूपात अशोककालीन धर्मप्रचारकांच्या अस्थी निघाल्या. हिमालयाकडे गेलेल्या ज्या आचार्यांची नावे सिंहली बखरींत आली होती, त्यांतलीच काही नावे त्या करंडकांवर कोरलेली होती. बखर म्हणजे केवळ दंतकथा असे मानणाऱ्यांना तो एक धक्काच होता. तिसऱ्या स्तूपात बुद्धाचे दोन पट्टशिष्य सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांचे अवशेष मिळाले. करंडकांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला शाईने एकेक अक्षर लिहिलेले होते, एकावर 'सा' आणि दुसऱ्यावर 'म'. दगडावर कोरलेले लेख टिकतात यात नवल नाही, पण कोणा भिक्षूने बोरूने घातलेली ती खूण दोन हजार वर्षे अंधारात टिकून राहिली.

कनिंगहॅम यांनी १८५४मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात सुचविले की पडलेली दोन तोरणे ब्रिटिश म्युझियमला न्यावीत. सूचना हवेतली नव्हती. भोपाळच्या सिकंदर बेगम तोरण भेट देण्यास राजी होत्या. संस्थानी राज्यकर्त्याला इंग्लंडच्या राणीची मर्जी संपादण्याची ही सोयीची संधी होती. कागदोपत्री हरकत घेणारे कोणीही नव्हते. अडचण होती ती वाहतुकीची. दहा मीटर उंचीच्या तोरणाचे ते अवजड भाग बैलगाड्यांतून कोणत्या वाटेने, कोणत्या बंदरापर्यंत न्यायचे? रस्ते धड नव्हते, लोहमार्ग तर या भागात अजून तीसेक वर्षे यायचा होता. पत्रव्यवहार चालू राहिला. खर्चाचे अंदाज मागविले गेले. आणि तेवढ्यात १८५७ उजाडले. त्यानंतर काही काळ मध्य भारतात शिल्पे हलविण्याइतकी सवड कोणाला नव्हती.

पुढे १८६८च्या सुमारास विषय पुन्हा निघाला. या वेळी फ्रान्सला पूर्वेचे तोरण हवे होते. मग इंग्रजांनाही ते लंडनला न्यावेसे वाटू लागले. दोन मोठ्या राष्ट्रांच्या हव्यासात एका लहान संस्थानाचे काय चालणार होते? पण तोवर वारे थोडे फिरले होते. हिंदुस्थान सरकारने तोरण हलवू द्यायचे नाही, त्याऐवजी प्लॅस्टरच्या प्रतिकृती करून द्यायच्या, असा निर्णय केला. लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल या अभियंत्याला १८६९मध्ये ते काम सोपविण्यात आले. प्लॅस्टर थेट इंग्लंडहून आले आणि बैलगाड्यांनी टेकडीपर्यंत पोहोचले. तोरणाच्या तुकड्यातुकड्याचे साचे घेतले गेले आणि त्यांवरून लंडन, पॅरिस, बर्लिन अशा शहरांना प्रतिकृती मिळाल्या. ज्या वाटेने तोरण जायचे त्या वाटेने त्याची छाया गेली. बर्लिनमध्ये हंबोल्ट फोरमसमोर लाल दगडात घडविलेले पूर्व तोरण उभे आहे, ते याच साच्यांच्या वंशातले.

मला हा निर्णय प्रशासकीय बुद्धिमत्तेचा एक नमुना वाटतो. नुसता नकार दिला असता तर मागणी पुन्हा आली असती, अधिक वजनदार मुखातून आली असती. मागणाऱ्याला नेमके काय हवे आहे हे ओळखून त्याला ते देणे आणि मूळ वस्तू हातची जाऊ न देणे, हे त्यात साधले. यात केवळ उदात्त हेतू होते असे मी म्हणणार नाही. वाहतुकीचा खर्च त्या निर्णयाच्या बाजूने होता, हेही खरे.

त्या साच्यांच्या निमित्ताने महिनोन्महिने तोरणाच्या अंगाखांद्यावर वावरलेला कोल पुढे बदलला, असे त्याच्या नंतरच्या लेखनावरून दिसते. देशातील मूळ शिल्पे बाहेर जाऊ देणे हे आत्मघातकी धोरण आहे, असे तो सरकारलाच बजावू लागला. १८८१मध्ये पुरातन वास्तूंचा क्युरेटर म्हणून एक पद तीन वर्षांसाठी निर्माण झाले आणि त्यावर त्याचीच नेमणूक झाली. त्याने सांचीचे रान काढले, जॉन्सनचे भगदाड बुजविले, आणि दक्षिण व पश्चिमेची पडलेली तोरणे पुन्हा उभी केली. साठ वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने केलेले दुसऱ्या अधिकाऱ्याने निस्तरले. एक चूक मात्र झाली. दक्षिण तोरणाच्या तुळया चढविताना काही उलट्या बसल्या. दर्शनी बाजू आत गेली आणि आतली बाहेर आली. सातकर्णीच्या कारागिराने जे येणाऱ्याला दाखवायचे म्हणून कोरले ते आता पाठीमागे जाऊन पाहावे लागते. चूक कळूनही ती दुरुस्त केलेली नाही, आणि मला वाटते तेच योग्य झाले. पुन्हा उतरविण्यात दगडाला धोका होता, आणि दुरुस्तीची दुरुस्ती हा काही थांबणारा प्रकार नव्हे.

खरे पुनरुज्जीवन १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी केले. निखळलेली बाजू पुन्हा रचली, तिसरा स्तूप उभा केला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टेकडीवरच्या पाण्याचा निचरा नीट केला. पर्यटकांना निचऱ्याची गटारे दिसत नाहीत, दिसू नयेतच. पण वास्तू टिकते ती त्यांच्यावर. या कामाला पैसा दिला तो भोपाळ दरबारने. शाहजहान बेगम आणि त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम यांनी संवर्धनाचा खर्च सोसला. सुलतान जहान बेगमांनी टेकडीवर संग्रहालय आणि मार्शल राहत ते विश्रामगृहही बांधून दिले, आणि ग्रंथप्रकाशनालाही साहाय्य केले. ज्यांच्या आजी तोरण देऊन टाकायला निघाल्या होत्या, त्यांच्याच तिजोरीतून तोरणाचे जतन झाले. मार्शल यांचे तीन खंड निघाले ते १९४०मध्ये. त्यातले शिलालेखांचे काम करणारे ननीगोपाल मजुमदार यांना ते पाहायला मिळाले नाहीत. १९३८मध्ये सिंधमध्ये सर्वेक्षण करत असताना दरोडेखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या होत्या. पुरातत्त्व खात्याला धुळीचे खाते म्हणून हिणविणाऱ्यांना हे क्वचितच ठाऊक असते.

अस्थींची कथा मात्र एवढी सरळ नाही. १८५१च्या उत्खननांतले अवशेष इंग्लंडला गेले. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अस्थी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये राहिल्या. दगड जागेवर राहिला आणि ज्याच्यासाठी दगड रचला होता ते गेले, असा हा उलटा न्याय. महाबोधी सभेने आणि निरनिराळ्या देशांतील बौद्धांनी मागणी लावून धरली. १९४७मध्ये त्या परत निघाल्या, आधी श्रीलंकेत राहिल्या, १९४९मध्ये भारतात आल्या, आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या टेकडीवर मुद्दाम बांधलेल्या नव्या विहारात त्यांची स्थापना झाली. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. मी गेलो तेव्हा त्याच सोहळ्याची तयारी चालू होती. श्रीलंकेहून आलेली पांढऱ्या वस्त्रांतली माणसे स्तूपाला प्रदक्षिणा घालत होती, शांतपणे, कॅमेरे न काढता. त्यांच्याकडे पाहून माझ्या बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, "यांना तिकीट लागते का हो?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. स्मारक म्हणून संरक्षित केलेल्या जागी देवदर्शनाला आलेल्या माणसाला काय म्हणायचे, यात्रेकरू की अभ्यागत, हा प्रश्न देशभर अनेक ठिकाणी अनिर्णित आहे.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या आपल्या बहुतेक स्मारकांचा भारतीयांसाठीचा प्रवेशदर २०१६पर्यंत १० रुपये होता. त्या वर्षी तो ३० झाला, २०१८मध्ये ४०. दर वाढला की वर्तमानपत्रांत पत्रे येतात. माझा आक्षेप दराला नाही. चहाच्या दोन पेल्यांच्या किमतीत सातकर्णीच्या कारागिरांची भेट होते आहे. पण हे पैसे सरकारी तिजोरीत जमा होतात, त्या त्या स्थळाच्या खात्यावर नव्हे. ताजमहालाच्या गर्दीतून आडगावच्या एखाद्या देवळाची डागडुजी व्हावी, हे तत्त्व उत्तम. मात्र त्यामुळे येथल्या पहारेकऱ्याला, आपल्या टेकडीवर चार माणसे अधिक आली तर आपल्या शौचालयाला पाणी अधिक मिळेल, अशी काही आशा राहत नाही.

सांचीला १९८९मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. २०१७पासून २०० रुपयांच्या नोटेवरही ती आली, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात ती आहेच. २०१०च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीनेच. हा नियम सरसकट आहे. दाट वस्तीच्या शहरात तो लोकांना जाचतो, याचा अनुभव आम्हांला रोजच्या अर्जांतून येतो. सांचीला तो जाचत नाही, पण पुरतही नाही. कारण सांची म्हणजे केवळ स्तूप नव्हे. गेल्या काही दशकांत ज्युलिया शॉ या पुरातत्त्वज्ञ बाईंनी या परिसराचा पायी फिरून अभ्यास केला. टेकड्यांच्या पायथ्यांशी त्यांना डझनाहून अधिक प्राचीन मातीच्या बंधाऱ्यांच्या खुणा आढळल्या. वर विहार आणि खाली जलाशय. भिक्षूंचा संघ आणि खालचा शेतकरी यांचे नाते केवळ भिक्षेचे नसून पाण्याचेही होते, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचल्यानंतर टेकडीवरून दिसणारा देखावा मला निराळा दिसू लागला. ज्याला मी निसर्गसौंदर्य समजत होतो ते दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बांध घालून घडविलेले होते. आणि ते बंधारे १०० मीटरांच्या आत येत नाहीत. त्यांच्यावरून आज नांगर फिरतो, ट्रॅक्टर फिरतो. कोणाची चूक आहे असेही नाही. शेतकऱ्याला तो एक उंचवटा आहे.

उतरण्यापूर्वी मी दक्षिण तोरणापाशी पुन्हा गेलो. मधल्या तुळईवर रामग्रामचा प्रसंग कोरलेला आहे. कथा अशी, की बुद्धाच्या अस्थींचे मूळ आठ स्तूप होते. त्या अस्थी चौऱ्याऐंशी हजार ठिकाणी वाटाव्यात म्हणून अशोकाने एकेक स्तूप उघडायला सुरुवात केली. सात उघडले. आठव्या ठिकाणी, रामग्रामला, नाग रक्षण करीत होते. त्यांनी अस्थी नेऊ दिल्या नाहीत, आणि एवढा मोठा सम्राट हात जोडून परत फिरला. तुळईवर एका बाजूने राजा रथातून, हत्ती-सैन्यासह येतो आहे. दुसऱ्या बाजूला फणाधारी नाग पूजा करीत उभे आहेत. मध्ये स्तूप आहे, न उघडलेला. दगड कोरणाऱ्याने राजाच्या चेहऱ्यावर निराशा दाखविलेली नाही.

पायऱ्या उतरत असताना खालून एक गाडी धडधडत भोपाळच्या दिशेने गेली. सांजवेळ झाली होती, डब्यांतले दिवे लागलेले होते. एका खिडकीशी कोणीतरी उभे राहून वर बोट दाखवीत असल्यासारखे मला वाटले, पण तेवढ्या अंतरावरून नक्की काही सांगता येत नाही.